पुन्हा फेकलेल्या एक्सेप्शनचा उगम शोधताना या चुका टाळा

सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना झालेल्या बिघाडाची सूचना) पकडायचे, लॉगमध्ये नोंदवायचे आणि ‘थ्रो ईएक्स’ लिहून पुढे ढकलायचे, ही सवय मी इतक्यांदा पाहिली आहे की, कोणाचाही कोड तपासताना माझी नजर आधी एक्सेप्शन पकडणाऱ्या कॅच ब्लॉककडेच जाते. असे लिहिले की स्टॅक ट्रेस (बिघाडापर्यंत कोणत्या मेथडने, म्हणजे कोडच्या तुकड्याने, कोणती बोलावली याची यादी) त्या ओळीपासून नव्याने सुरू होतो आणि मूळ जागेचा माग पुसला जातो. नुसते ‘थ्रो’ लिहिल्यास तो टिकतो. कोड तपासणाऱ्या साधनातला सीए२२०० हा नियम नेमका यासाठीच आहे, पण घाईतली मंडळी तो इशाराच बंद करून टाकतात.

एका कामात बिलांच्या फायली आयात करणारा प्रोग्राम अधूनमधून कोसळत असे. लॉगमध्ये दरवेळी फॉरमॅट एक्सेप्शन (मजकुराचे रूप अपेक्षेप्रमाणे नसल्याची सूचना) आणि ओळ मात्र ‘थ्रो ईएक्स’चीच. बिलातील तीसेक रकान्यांपैकी नेमका कोणता बिघडला, हे कळायला मार्ग नव्हता आणि तारखांवर संशय घेत आम्ही दोन दिवस घालवले. शेवटी व्हिज्युअल स्टुडिओत कंट्रोल-ऑल्ट-ई दाबून एक्सेप्शन सेटिंग्जची खिडकी उघडली, एक्सेप्शन फेकताक्षणी थांबावे म्हणून त्या एकाच प्रकारापुढे खूण केली आणि तीच फाइल पुन्हा चालवली. डीबगर (प्रोग्राम मध्येच थांबवून तपासण्याचे साधन) मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या ‘इंट.पार्स’च्या ओळीवर थांबला. त्या क्षणीची व्हेरिएबल दाखवणाऱ्या लोकल्सच्या खिडकीत रक्कम दिसत होती, ‘१,२५,०००’, स्वल्पविरामांसकट.

कॅच ब्लॉकमध्ये ब्रेकपॉइंट (डीबगरने थांबायची खूण) लावून बसणे ही दुसरी लाडकी चूक. तिथे पोहोचेपर्यंत स्टॅक (चालू मेथडची उतरंड) उलगडून झालेला असतो आणि ज्या मेथडमध्ये बिघाड झाला तिचे लोकल व्हेरिएबल हाती लागत नाहीत. म्हणून एक्सेप्शन फेकले जाते त्या क्षणीच थांबावे. त्यासाठी सगळ्याच प्रकारांपुढे खुणा करणारे नवशिके दहाव्या निरुपद्रवी थांब्यावर कंटाळतात आणि सगळ्याच काढून टाकतात. मी एका वेळी एकच प्रकार निवडतो.

नवे एक्सेप्शन तयार करताना केवळ संदेश उचलू नका. मूळ एक्सेप्शन इनर एक्सेप्शन म्हणून सोबत द्या.

लायब्ररीच्या आतच फेकलेले आणि आतच पकडलेले एक्सेप्शन पाहायचे असेल, तर व्हिज्युअल स्टुडिओतली ‘जस्ट माय कोड’ (फक्त आपला कोड दाखवणारी सोय) बंद करावी लागते.

सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात त्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये नुसत्या ‘थ्रो’नेही त्या मेथडपुरता ओळ क्रमांक बदलतो, त्यामुळे तिथे ट्रेसमधील त्याच्या आतल्या मेथडच्या ओळींवर भिस्त ठेवावी.

सी प्लस प्लस भाषेवाल्यांनी जीडीबी या डीबगरमध्ये ‘कॅच रीथ्रो’ नव्हे, ‘कॅच थ्रो’ लावावे. पहिल्याने केवळ पुन्हा फेकण्याची जागा कळते.