पावसाळ्यात पाइप ऑर्गनचा सूर अडकला तर काय करायचं

नौपाड्यात आमच्या घरी छोटा पाइप ऑर्गन आहे, पट्टी दाबली की लाकडी काड्या ओढल्या जातात, आतली झडप उघडते आणि नळीत हवा जाते, वीज लागते ती फक्त भाता भरणाऱ्या ब्लोअरला. जुलै लागला की लाकूड फुगतं आणि एखादा सूर हात न लावताच वाजत बसतो. मागच्या वर्षी पांढरी चार अशी अडकली की वरच्या काकू विचारायला आल्या, एवढा वेळ शंख कोण फुंकतंय?

पहिलं म्हणजे घाईघाईत ब्लोअर बंद करू नका, दोष सूर चालू असतानाच सापडतो. ती पट्टी पुढून बोटाने हलकेच वर उचला. सूर थांबला तर एकतर पट्टी शेजारच्या पट्टीला घासतेय नाहीतर काडी ताणली गेलीय. घासत नसेल तर काडीच्या टोकाला तारेवर चामड्याची छोटी चकती असते, ती अर्धा फेरा सैल करा, अर्धाच हं, आणि किती फिरवली ते लिहून ठेवा, कारण पावसानंतर लाकूड आकसलं की परत आवळावी लागते.

घासणारी पट्टी मात्र तासू नका. मी एकदा जुलैत पॉलिश पेपर मारला, मार्चमध्ये तीच पट्टी खुळखुळायला लागली.

उचलूनही वाजतोच? मग बहुतेक झडपेत कचरा आहे. आता ब्लोअर बंद, भाता पूर्ण खाली बसू द्या, मग हवापेटीची पुढची फळी काढा, झडपा ओळीने दिसतील. कोऱ्या कागदाची पट्टी झडपेच्या वरच्या फटीत सरकवायची, खालून झडप बोटाने हलकं दाबायची आणि कागद ओढून घ्यायचा. माझ्या कागदावर काळी रेघ आली आणि टाचणीच्या डोक्याएवढा लाकडाचा कण, बस, एवढ्यासाठी सगळा तमाशा. झडपेच्या चामड्याला तेल अजिबात नाही. कागद स्वच्छ आला तर स्प्रिंग ढिली असेल, ती काढून किंचित फाकवून परत बसवा.

याच भरात सूर मिळवायला बसू नका, एसी लावून तर नाहीच, खोली 1 अंश गार झाली की सूर साधारण 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा, दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा, शंभरावा भाग) उतरतो. त्यापेक्षा डिह्युमिडिफायर लावून खोलीतला दमटपणा 60 टक्क्यांच्या आसपास आणा.

फळी परत लावताना सगळे स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळा, एका कोपऱ्यात ढिली राहिली की फुसफुस ऐकू येते.