जुना ट्रॅक्टर कामात बंद पडतोय? पंप खोलायच्या आधी या चुका टाळा

जुना ट्रॅक्टर घेतला त्या वर्षीची गोष्ट. सकाळी एका सेल्फला चालू व्हायचा, वीस-पंचवीस मिनिटं नांगर ओढायचा आणि मग आचके देत बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. मिस्तरी म्हणाला, ‘पंप गेलाय, कॅलिब्रेशनला टाका.’ म्हणजे डिझेल दाबाने नोझलकडे ढकलणारा मुख्य पंप सोडवून दुकानात जुळवून घ्या. पंप सुटलाही असता, पण त्याच दुपारी डिझेल ओतायला टाकीचं झाकण फिरवलं आणि आत ‘सुस्स’ करून हवा ओढली गेली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून आधीच्या मालकाने ते डांबराने बुजवलं होतं! डिझेल उतरेल तशी टाकीत पोकळी धरायची आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपाला ते ओढवत नसे. एका सुईत काम झालं.

तेव्हा शोध टाकीपासून सुरू करा. झाकण, टाकीतली जाळी, कॉक, पाइप, फिल्टर. मुख्य पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल सगळ्यात शेवटी.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. (इंजिन बंद करायची स्टॉपची केबल अर्धी ओढलेली राहिलीय का, तेही बघा, हसू नका, होतं असं.) पांढरा धूर येतोय पण इंजिन उचलत नाही, तर डिझेल पोचतंय, जळत नाही. मग लाइन उचकटून उपयोग नाही.

सगळ्यात जास्त चकवते ती डिझेलच्या लाइनीत शिरलेली हवा. ‘कुठं गळत नाही, मग हवा कुठून घेईल?’ असं म्हणतात, पण फीड पंपाच्या अलीकडची बाजू ओढीची असते. तिथे पाइपला चीर असली तर डिझेल बाहेर न येता हवाच आत जाते. टाकी ते फीड पंप एवढ्यात थोडा वेळ पारदर्शक नळी लावा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतील. पाइप जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे तांब्याचे जुने वायसर पुन्हा लावू नका, आणि वर टेफ्लॉन टेप तर नकोच. तिचे तुकडे सुटून पुढे जाऊन अडकतात.

हवा काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, प्रायमर, म्हणजे डिझेल पुढे ढकलायचा हातपंप, मारत राहा. फेस थांबून सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग तसंच मुख्य पंपावरच्या स्क्रूचं. घाईत नुसता सेल्फ मारत बसलात तर बॅटरी बसेल आणि सेल्फ जळेल. दहा-पंधरा सेकंदांहून जास्त एका दमात मारू नका.

कागदी फिल्टर डिझेलमध्ये धुऊन परत बसवणं ही आपल्याकडची लाडकी काटकसर. धुताना कागद फाटतो, कचरा थेट पंपात. फिल्टरखालच्या वाटीत तळाला पाणी दिसलं तर ते सोडा, आणि कॅनच्या बुडाचं डिझेल टाकीत ओतणं बंद करा. टाकी संध्याकाळी भरून ठेवली तर रात्री आत दव कमी धरतं.

नोझल बाहेर काढून फवारा तपासत असाल तर बोट पुढे धरू नका. तो दाब दोनशे बारच्या आसपास असतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या साधारण शंभरपट. डिझेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी तसंच उठून दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना ‘डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.