हायबरनेट केलेले लिनक्स जागे होत नसेल तर काय करावे

तक्रार बहुधा एकाच प्रकारची असते. हायबरनेटची (चालू काम डिस्कवर साठवून यंत्र पूर्ण बंद करण्याची) आज्ञा दिल्यावर संगणक शहाण्यासारखा बंद होतो, परंतु दुसऱ्या दिवशी चालू केला की उघड्या ठेवलेल्या खिडक्यांचा मागमूसही नसतो आणि यंत्रणा पहिल्यापासून बूट होते. यावर मिळणारे सल्लेही ठरलेलेच असतात: ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदला, बायोस अद्ययावत करा, स्वॅप (मेमरीला पूरक म्हणून डिस्कवर राखलेली जागा) मेमरीच्या दुप्पट करा. हाताने घडण केलेल्या आर्च लिनक्सवर ही सोय मी अनेक यंत्रांवर बसवली आहे आणि वरील लक्षण असताना यांपैकी एकही सल्ला मला आजवर उपयोगी पडलेला नाही. बंद होताना कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, मेमरीची प्रतिमा स्वॅपमध्ये लिहितो. यंत्र चालू केल्यावर एक नवा कर्नल सुरू होतो आणि मूळ फाइलप्रणाली माउंट होण्याआधीच्या काही सेकंदांत त्याला ती प्रतिमा शोधून काढावी लागते. घोळ होतो तो या शोधात. म्हणून पुढील विवेचन आर्च, लक्स या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेले मूळ विभाजन आणि त्यातच असलेली स्वॅप फाइल अशी मांडणी गृहीत धरून केले आहे. आज्ञांची आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना ती अर्थातच मूळ रूपात टंकावीत.

प्रथम /सिस/पॉवर/डिस्क ही फाइल वाचावी. तिथे ‘डिसेबल्ड’ असा शब्द दिसला, तर बहुतेक वेळा सिक्युअर बूटमुळे (फक्त सही केलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीमुळे) कर्नलने हायबरनेशनवर बंदी घातलेली असते आणि ती उठेपर्यंत पुढचे काहीही करण्यात अर्थ नाही.

स्वॅपची जागा मेमरीएवढी असली की पुरे. दुप्पट स्वॅपचा नियम फार जुना झाला आहे. कर्नल प्रतिमेचा आकार मूळातच मेमरीच्या सुमारे 2/5 इतका राखण्याचा प्रयत्न करतो आणि शिवाय ती दाबून लिहितो. मात्र झेडरॅम हा स्वॅप असला तरी मोजू नये, कारण तो मेमरीतच राहतो आणि वीज गेली की त्याच्यासह सगळेच जाते.

आता मुख्य प्रश्न. प्रतिमा लिहिलीच गेली नाही, की लिहिली गेली पण सापडली नाही, हे आधी ठरवावे. फसलेल्या प्रयत्नानंतरच्या बूटचा जर्नल (यंत्रणेची नोंदवही) उघडून त्यात ‘स्वॅपऑन’ शोधावे. सॉफ्टवेअर सस्पेंडचा डेटा आढळला, स्वॅपची खूण पुन्हा लिहीत आहे, अशा अर्थाची ओळ तिथे असेल, तर प्रतिमा व्यवस्थित लिहिली गेली होती, बूट होताना कोणी तिच्याकडे पाहिले नाही आणि शेवटी स्वॅप सुरू करणाऱ्या आज्ञेने ती निकालात काढली. हायबरनेट करताना कर्नल स्वॅपच्या आरंभीची नेहमीची खूण पुसून ‘एस-वन-सस्पेंड’ अशी वेगळी खूण टाकतो. ती दिसल्यामुळेच ही ओळ छापली जाते. ही एक ओळ हाती आली की ड्रायव्हरचा विचार डोक्यातून काढून टाकता येतो.

मी स्वतः याच टप्प्यावर सलग तीन आठवडे अडकून पडलो होतो. पॅरामीटर (बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचना) बरोबर होते, स्वॅप पुरेसा होता आणि जर्नलमध्ये वरची ओळही रोज दिसत होती. फक्त एक गोष्ट खटकत असे: लक्सचा पासवर्ड विचारला जाण्यापूर्वी यंत्र सुमारे 10 सेकंद गप्प बसत असे. डिस्क जुनी झाली, असे म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले. पुढे एकदा कंटाळून बूटच्या वेळचा शोभेचा पडदा काढून टाकला, तेव्हा त्याच्याआड इतके दिवस दडलेला संदेश दिसला. रिझ्यूमचा हुक (बूटच्या आरंभी प्रतिमा शोधणारा टप्पा) स्वॅपच्या उपकरणाची 10 सेकंद वाट पाहत होता आणि ते मिळत नाही म्हणून पुढे जात होता. ते मिळणार कसे? बूटच्या आरंभी चालणारी छोटी यंत्रणा, म्हणजे इनिट्रॅमएफएस, तयार करणाऱ्या एमकेइनिटसीपीआयओ या आज्ञेच्या हुकांच्या यादीत मी ‘रिझ्यूम’ हा शब्द ‘एन्क्रिप्ट’च्या आधी लिहिला होता. कुलूप उघडण्यापूर्वीच मी कपाटातली वस्तू मागत होतो आणि दोष कपाटाला देत होतो.

तेव्हा क्रम पक्का लक्षात ठेवावा: आधी ‘यूडेव्ह’, मग ‘एन्क्रिप्ट’, एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे विभागणारी व्यवस्था) असल्यास ‘एलव्हीएम-टू’, त्यानंतर ‘रिझ्यूम’ आणि त्यानंतरच ‘फाइलसिस्टिम्स’. यादीत ‘यूडेव्ह’ऐवजी ‘सिस्टिमडी’ हा हुक वापरला असेल, तर रिझ्यूमचा वेगळा हुक लागत नाही. दोन्ही पद्धतींतले हुक एकाच यादीत मिसळू नयेत. यादी बदलल्यावर एमकेइनिटसीपीआयओ चालवून इनिट्रॅमएफएस नव्याने तयार करावे लागते. हे न करता फाइल नुसती जतन करून ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणारे मला वरचेवर भेटतात.

दुसरा सापळा पत्त्याचा आहे. स्वॅप फाइलसाठी कर्नलला दोन पॅरामीटर दिले जातात. ‘रिझ्यूम’मध्ये ती फाइल ज्या फाइलप्रणालीवर आहे तिचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) येतो आणि ‘रिझ्यूम-ऑफसेट’मध्ये फाइल त्या प्रणालीवर नेमकी कुठे सुरू होते तो आकडा येतो. ब्लकआयडी ही आज्ञा चालवली की एकाच डिस्कचे दोन यूयूआयडी दिसतात: एक बाहेरच्या लक्स कवचाचा आणि दुसरा आतल्या फाइलप्रणालीचा. इथे आतलाच हवा. बहुतेक लोक लक्स उघडण्यासाठीच्या ‘क्रिप्टडिव्हाइस’ पॅरामीटरमध्ये आधीच असलेला आकडा उचलून इथे चिकटवतात आणि तो हमखास बाहेरच्या कवचाचा असतो. स्वॅप फाइलचा स्वतःचा म्हणून जो यूयूआयडी एमकेस्वॅप छापते, तोही इथे कामाचा नाही.

ऑफसेट काढण्यासाठी ईएक्सटी-फोर या फाइलप्रणालीवर फाइलफ्रॅग ही आज्ञा ‘व्ही’ या पर्यायासह चालवावी आणि पहिल्या ओळीतील फिजिकल ऑफसेटच्या रकान्यातला पहिला आकडा, त्यामागची दोन टिंबे वगळून, घ्यावा. शेजारचा लॉजिकल ऑफसेटचा रकाना पहिल्या ओळीत 0 दाखवतो. तो घेऊ नये. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलप्रणालीवर फाइलफ्रॅगचा आकडा चुकीचा असतो, हे मी ठासून सांगतो, कारण अजूनही तोच उपाय सर्रास सुचवला जातो. तिथे बीटीआरएफएसच्या इन्स्पेक्ट-इंटर्नल या विभागातील मॅप-स्वॅपफाइल ही आज्ञा ‘आर’ पर्यायासह वापरावी. ती मिळालेला आकडा तयार स्वरूपात छापते. स्वॅप फाइल पुसून नव्याने केली, मग ती त्याच नावाची असो, की ऑफसेट पुन्हा काढावा. मेमरी 8 जीबीवरून 16 जीबी केल्यावर स्वॅप वाढवणारे नेमके हेच विसरतात.

हे पॅरामीटर ग्रब या बूटलोडरच्या मांडणीत घालून ती नव्याने तयार करावी, एकदा रीबूट करावे आणि /प्रॉक/सीएमडीलाइन वाचून दोन्ही पॅरामीटर खरोखरच कर्नलपर्यंत पोहोचले का, ते पाहावे.

चाचणी घेताना सर्व काम जतन केलेले असावे. प्रतिमा लिहिली गेल्यावर आणि यंत्र पुन्हा जागे होण्यापूर्वी मध्येच लाइव्ह यूएसबीने किंवा त्याच डिस्कवरील दुसऱ्या यंत्रणेने बूट करून ही विभाजने कदापि माउंट करू नयेत. झोपलेल्या कर्नलच्या आठवणीतली फाइलप्रणाली आणि डिस्कवरची फाइलप्रणाली यांत एकदा अंतर पडले की जागे होताना जुन्या आठवणी नव्या डेटावर लिहिल्या जातात. माझ्या एका मित्राने ‘फक्त एक फाइल काढायची आहे’ म्हणून असे केले आणि त्याला सगळी यंत्रणा नव्याने बसवावी लागली.

प्रतिमा सापडते, वाचलीही जाते, परंतु पडदा काळाच राहतो, असे झाले तरच ड्रायव्हरकडे वळावे. /सिस/पॉवर/पीएम-टेस्ट या फाइलमध्ये क्रमाने ‘फ्रीझर’, ‘डिव्हायसेस’, ‘प्लॅटफॉर्म’, ‘प्रोसेसर्स’ आणि ‘कोअर’ लिहून प्रत्येक वेळी हायबरनेट करावे. यंत्र 5 सेकंद थांबून आपोआप परत येते. ज्या शब्दाला ते परत येत नाही, तिथे दोष आहे. ‘डिव्हायसेस’ला अडकल्यास ड्रायव्हरचे मॉड्यूल एकेक करून उतरवून पाहावेत. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असल्यास त्याच्या हायबरनेट आणि रिझ्यूम या दोन सेवा चालू आहेत का, हे त्याआधी तपासावे. चाचणी संपल्यावर त्या फाइलमध्ये ‘नन’ लिहायला विसरू नये, नाहीतर खरे हायबरनेशन होणारच नाही.

बंद झालेले यंत्र लगेच आपोआप चालू होत असेल, तर सिस्टिमडीच्या स्लीप-कॉन्फ फाइलमध्ये हायबरनेट-मोड ‘शटडाउन’ असा करावा.