कार्पोव–माईल्स, १९८० : जुना डाव पटावर मांडून कसा अभ्यासावा

मोबाईलवर बाण दाबत बुद्धिबळाचा डाव बघणं म्हणजे अभ्यास नव्हे. सेहेचाळीस चाली दोन मिनिटांत संपतात आणि हाती काहीच लागत नाही. मी स्वतः काही वर्षं असेच डाव 'पाहिले', म्हणून हे ठामपणे सांगतो. एकच डाव घ्या, त्याला तीन संध्याकाळी द्या. मी नेहमी हाच डाव सुचवतो, कारण त्याच्याबद्दल बोलतात सगळे आणि तो पटावर मांडतात फार थोडे.

जानेवारी १९८०, स्वीडनमधलं स्कारा, युरोपियन सांघिक स्पर्धा. पांढरी मोहरी जगज्जेत्या अनातोली कार्पोवकडे, काळी इंग्लंडच्या टोनी माईल्सकडे. कार्पोव ई४ खेळला (अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या रांगेचा; म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) आणि माईल्सने उत्तर दिलं ए६. कडेचं प्यादं, तेही एकच घर. दुसऱ्या चालीला बी५. प्रेक्षकांमध्ये हशा पिकला होता, असं माईल्सनेच पुढे लिहिलं आहे. ४६व्या चालीनंतर कार्पोवने डाव सोडला.

तयारी : लाकडी पट, वही, चालींची छापील यादी आणि ती झाकायला एक पोस्टकार्ड. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, बंद.

पहिल्या सतरा चाली सलग खेळून घ्या. कल्पना साधी आहे. ए६ आणि बी५ झालं की उंट बी७ वर जातो आणि ई४ वर नजर ठेवतो, मग ई६, मग सी५ खेळून मध्य फोडायचा. पांढऱ्याला सुरुवातीला मोकळी जागा मिळते, हे लपवायचं कारण नाही. पण सतराव्या चालीला पट नीट बघा. दोघांकडे वजीर, दोन-दोन हत्ती, सहा-सहा प्यादी. पांढऱ्याकडे उंट आणि घोडा, काळ्याकडे दोन्ही उंट. म्हणजे ए६ ची नवलाई इथवर संपलेली आहे.

म्हणूनच 'ए६ पाठ करा, समोरचा गोंधळतो' हा सल्ला मला संताप आणतो. तो ऐकून मी एका तालुका स्पर्धेत ए६ खेळलो होतो. समोरच्या मुलाने शांतपणे मध्य घेतला, मोहरी बाहेर काढली आणि पंधराव्या चालीला मला काय करायचं हेच माहीत नव्हतं. मी माईल्सच्या पहिल्या दोन चाली शिकलो होतो. माईल्सचा डाव जिंकला गेला अठराव्या ते अठ्ठाविसाव्या चालीत, आणि त्या मी नुसत्या पाहिल्या होत्या.

आता खरं काम. पांढऱ्याची अठरावी चाल करा, उंट ई४, आणि पोस्टकार्ड ठेवा. पट असा दिसला पाहिजे. पांढरा : राजा जी१, वजीर ई२, हत्ती सी१ आणि एफ१, उंट ई४, घोडा एफ३, प्यादी ए४, बी२, ई५, एफ२, जी२, एच२. काळा : राजा ई८, वजीर बी६, हत्ती ए८ आणि एच८, उंट बी७ आणि बी४, प्यादी ए६, डी७, ई६, एफ७, जी७, एच७. चाल काळ्याची.

इथे वीस मिनिटं बसा आणि चाल वहीत लिहा. 'मनात धरली' चालणार नाही. मनात धरलेली चाल खरी चाल दिसताच बदलते आणि आपण स्वतःला सांगतो, मी हेच म्हणत होतो. चाल लिहायची, तिच्यावर पांढऱ्याचं आपल्याला सगळ्यांत त्रासदायक उत्तर लिहायचं, मगच कार्ड सरकवायचं.

उंटाउंटी करावीशी वाटते ना? मग पांढरा वजीर ई४ वर येऊन थेट ए८ च्या हत्तीवर रोखतो. माईल्सने किल्लेकोट केला, म्हणजे राजा जी८ वर आणि हत्ती एफ८ वर. आता दुसरा प्रश्न, जो बहुतेक जण विचारतच नाहीत : पांढऱ्याने एच७ वर उंट का दिला नाही? उंटाने एच७ मारलं, राजाने उंट मारला, घोडा जी५ शह. राजा जी८ ला परतला तर वजीर एच५ वर येतो आणि एच७ वर मात दिसू लागते. म्हणून राजा जी६ वर आणून बघा. ही फांदी हाताने मोहरी हलवून तपासा, अर्धा तास गेला तरी चालेल.

कार्पोव घोडा जी५ खेळला. काळ्याने एच६, उंट एच७ शह, राजा एच८, उंट मागे बी१. पुन्हा कार्ड. जी५ वरचा घोडा प्याद्याच्या तोंडी आहे. माझ्या वहीत पहिल्या वेळेला 'प्याद्याने घोडा मारा' असं ठळक अक्षरात आहे. मग पटावर चालवून पाहिलं : वजीर एच५ शह, राजा जी८, वजीर एच७ मात. फुकटचा घोडा दोन चालींत डाव घेऊन गेला असता. माईल्सने उंट ई७ वर आणला. तोच घोडा आता उंटाने मारायची धमकी आहे आणि एच६ चं प्यादं जागेवर राहतं. त्यावर पांढऱ्याने वजीर डी३ केलं तर उंटाने घोडा मारायची घाई नको, एच७ वर पुन्हा मात आहे. काळं प्यादं जी६ वर आणून तपासा. प्रत्यक्षात कार्पोव घोडा ई४ वर घेऊन गेला.

माझा आग्रह एवढाच की या टप्प्यावर इंजिन लावू नका. एका प्रशिक्षकाने मला अगदी इथेच इंजिन लावायला सांगितलं होतं. कोणाची बाजू किती वरचढ याचा आकडा मिळाला, पण प्याद्याने मारणं का चूक आहे हे मला आकड्याने शिकवलं नाही, त्या एच७ च्या घराने शिकवलं.

पुढे २२ ते २८ त्याच पद्धतीने. एक जागा चुकवू नका : २६व्या चालीला पांढऱ्या वजिराने डी७ मारलं आणि काळ्याचे दोन्ही उंट एकदम माऱ्यात आले. कार्ड ठेवा आणि उत्तर शोधा. माईल्सने उंट बी४ वर नेला आणि उलट ई१ च्या हत्तीवरच हल्ला केला. दोन चालींत वजिरांची अदलाबदल झाली, काळ्याकडे एक प्यादं जास्त आणि उंटांची जोडी उरली.

अंतिम टप्पा दुसऱ्या दिवशी, सलग.

तिसऱ्या संध्याकाळी इंजिन लावा, पण फक्त वहीतल्या प्रश्नांवर. शेवटी ४६व्या चालीची स्थिती मांडा : पांढऱ्याकडे ए४ चं एकुलतं प्यादं, काळ्याकडे ए५, ई६ आणि एफ७. उंट विरुद्ध रंगांचे (एकाचा पांढऱ्या घरांवर, दुसऱ्याचा काळ्या), हत्ती दोघांकडे. अशा उंटांमुळे डाव बरोबरीत सुटतो असं आपण ऐकत आलो, तरी जगज्जेत्याने इथे डाव का सोडला, ते वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा.