नाशकात नव्याने आलात आणि मूल हायस्कूलला आहे, मग हे वाचून घ्या

दर उन्हाळ्यात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आणि सुरतेत वर्षानुवर्षं काढून परत फिरलेली आपली माणसं नाशकात येतात, सिडको, अंबड, सातपूर, पाथर्डी फाटा ह्या बाजूला खोली बघतात. आम्हीही असेच अमळनेरकडून आलो, आता मुलगी कॉलेजला आहे आणि मुलगा दहावीला. खोलीचं डिपॉझिट किती, पाणी किती वाजता येतं, कंपनीत कोणाची ओळख लागते हे सगळे सांगतात हो, पण मूल आठवी-नववीत असेल तर शाळेचं काय काय वेळेत करून ठेवायचं हे कोणी बसवून सांगत नाही. आणि हायस्कूलला प्रत्येक गोष्टीला तारीख असते. तारीख गेली की शिक्षक कितीही चांगले असले तरी त्यांच्या हातात काही राहत नाही.

सगळ्यात आधी, निघायच्या आधीचं काम. गावच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला घ्याल तेव्हा तिथेच बाकावर बसून तो अक्षर न् अक्षर वाचा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, आणि आधार कार्डावरचं स्पेलिंग ह्याच्याशी जुळतंय का बघा. चूक असेल तर मूल त्या शाळेच्या पटावर आहे तोवरच दुरुस्ती सोपी असते, एकदा नाव कमी झालं, दहावी होऊन गेली की मग पुढे लई फेऱ्या. दाखल्यावर विद्यार्थ्याचा सरलचा आयडी आणि शाळेचा युडायस नंबर, म्हणजे सरकारी ऑनलाईन नोंदीतले दोघांचे नंबर, आहेत ना हेही बघा, त्याच्यावरूनच इथली शाळा मुलाला ऑनलाईन स्वतःकडे ओढून घेते, आणि जुन्या शाळेने तिकडून सोडलं नाही तर मूल वर्गात बसतंय पण कॉम्प्युटरवर नाही असं महिना महिना चालतं. सुरतेहून किंवा दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांनी दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी तिथूनच घेऊन या, इथे आल्यावर त्या एका सहीसाठी परत जावं लागलं तर रजा आणि भाडं दोन्ही जातं.

दाखल्यावाचून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही, तसा आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदाच आहे, पण म्हणून निवांत राहू नका, कारण नववीत गेल्यावर तोच कागद मागतात. आणि जमलं तर दहावीत शाळा बदलूच नका. नववीत आणा, नाहीतर आजी-आजोबांकडे ठेवून दहावी होऊ द्या. बोर्डाचं एक बरं आहे, नाशिक विभागीय मंडळात नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चारही जिल्हे येतात त्यामुळे खानदेशातून आलं तर मंडळ तेच राहतं. सुरतेकडच्यांनी मात्र एक गोष्ट कान देऊन ऐका, मुलीला किंवा मुलाला मेडिकलला घालायचं डोक्यात असेल तर राज्याच्या कोट्यासाठी सर्वसाधारण नियम असा आहे की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली पाहिजे, वर डोमिसाईल, म्हणजे महाराष्ट्राचे रहिवासी असल्याचा दाखला. दहावी तिकडे करून बारावीला इकडे येऊ असा हिशोब करणारे आई-बाप मी बघितलेत, त्यांना हे आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

शाळा बघायला जाल तेव्हा इमारत, गणवेश, मैदान हे बघा, पण पहिला प्रश्न विचारा की शाळा अनुदानित आहे, म्हणजे सरकारी अनुदानावर चालते, का विनाअनुदानित का स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणारी. ह्याच्यावर पुढचं सगळं ठरतं. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा पास होऊन मेरिटला आलेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, पण मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तरच, म्हणजे गावाकडे हुशार पोरगं एनएमएमएस काढतं आणि इथे येऊन आपण हौसेने त्याला जवळच्या विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला टाकतो आणि स्कॉलरशिप तिथेच थांबते. शिवाय दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर रिन्यू करावी लागते, शाळेत कोणत्या सरांकडे ते काम आहे हे पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा. आरटीईच्या २५ टक्क्यांतून, म्हणजे खाजगी शाळेतल्या राखीव मोफत जागांवर शिकणाऱ्या मुलांचंही सांगते, ती सवलत आठवीपर्यंतच, नववीला त्याच शाळेत पूर्ण फी लागते, म्हणून आठवीच्या दिवाळीलाच पुढचं ठरवा.

आता माहिती कशी येते ते. शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो आणि बहुतेक घरात नंबर वडिलांचा दिलेला असतो, वडील अंबडला फर्स्ट शिफ्टला, फोन लॉकरमध्ये, संध्याकाळी घरी येईपर्यंत ग्रुपवर शंभर गुड मॉर्निंग आणि त्यात कुठेतरी "उद्या शेवटची तारीख" दबलेली. मुलालाही सांगायचं सुचत नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळीच आई आणि वडील दोघांचे नंबर द्या, आणि नंबर बदलला तर वर्गशिक्षकांना सांगून ऑफिसच्या रजिस्टरमध्येही बदलून घ्या, कारण ग्रुप एकाकडे असतो आणि रजिस्टर दुसऱ्याकडे. सूचना आली की तीन गोष्टी लगेच विचारायच्या, शेवटची तारीख कोणती, कागद कोणते आणि ते कोणाकडे द्यायचे. बस. "फॉर्म आणणे" एवढ्याच ओळीवर काहीही ठरवू नका. मुलाची शाळेची डायरी असेल तर रात्री जेवताना पाच मिनिटं तीच बघा, मागच्या पानांवर सुट्ट्या, चाचण्या, शाळेचे नियम सगळं छापलेलं असतं आणि आपण फक्त सही करायला ती उघडतो. दाराशी येऊन नोटीस बोर्ड वाचणाऱ्या पालकांना सगळं कळतं आणि शिफ्टमुळे येऊ न शकणाऱ्या पालकांच्या मुलांचं नुकसान होतं, हे मला मनापासून खटकतं, म्हणून शेजारच्या एका आईशी जमवून घ्या, एकीने बोर्ड बघायचा, दुसरीने ऑफिसात विचारायचं.

तोंडी विचारून उत्तर मिळालं नाही तर लेखी अर्ज द्या, मुख्याध्यापकांच्या नावे, साध्या मराठीत चार ओळी, आणि त्याची झेरॉक्स नेऊन त्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. भांडण म्हणून नाही, पोच म्हणून. पुढे वर जायची वेळ आली तर शहरात आठवीपर्यंतचं काम महापालिकेच्या शिक्षण विभागात, नववी-दहावीचं जिल्हा परिषदेत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि अकरावीच्या प्रवेशाचं शिक्षण उपसंचालकांच्या ऑफिसात. चुकीच्या दारात उभं राहून सुट्टी वाया घालवू नका.

पालक-शिक्षक संघाबद्दल नवीन लोकांना वाटतं की ते मोठ्या लोकांचं काम. तसं नाहीये. २०११ चा फी नियमनाचा कायदा आहे, त्यात शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत हा संघ करायचा असतो आणि शाळेत मूल असलेला प्रत्येक पालक त्याचा सभासद असतोच, वेगळा फॉर्म नाही. कार्यकारी समितीवर प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो आणि तो इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडतात, म्हणजे तुमचं नावही निघू शकतं, बोलायला लाजू नका. फी वाढवायची तर शाळेने ह्या समितीपुढे ठेवायची, एकदा ठरली की दोन वर्षं तीच, आणि मंजूर झालेली फी नोटीस बोर्डावर मराठीत लावायची. पावती मागा. वर्गात मुलाला उभं करून फी मागितली तर ती गोष्ट समितीपुढे न्या, मुलावर सोडू नका.

दहावीचं वर्ष जरा सविस्तर सांगते कारण इथेच सगळ्यात जास्त निसटतं. बोर्डाचा फॉर्म शाळा ऑनलाईन भरते आणि मग प्री-लिस्ट येते. शाळेत मुलाच्या हातात एक मोठा कागद देतात, त्यात एका ओळीत त्याचं इंग्रजी आणि मराठी नाव, आईचं नाव, जन्मतारीख, माध्यम, विषय, फोटो असं सगळं, आणि मागे रांग लागलेली असते म्हणून पोरं न वाचता सही करून पुढे सरकतात. तो कागद घरी मिळत नाही बऱ्याचदा, म्हणून आधीच मुलाला घरच्या कागदावर सगळं लिहून द्या, आईचं नाव "सुनंदा" आहे का "सुनंदाबाई", आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एच आहे का नाही, आणि सांगा की सही करायच्या आधी हे टिक करत जुळव. मार्कशीटवर हेच छापून येतं आणि ते जन्मभर लागतं. चित्रकलेची इंटरमीजिएट जुन्या गावात पास झाली असेल किंवा जिल्हा-राज्य पातळीवर खेळलं असेल तर ती सर्टिफिकेटं नवीन शाळेला माहीतच नसतात, वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेकडूनच मुदतीत जातो, आपण दिलं नाही तर कोणी मागायला येत नाही. मूल वाचण्यात-लिहिण्यात फार अडखळत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील तर त्याला आळशी म्हणू नका, तपासणी करून घ्या, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र अधिकृत ठिकाणाहून मिळालं तर बोर्डात जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत, त्याला वेळ लागतो म्हणून आठवी-नववीतच सुरुवात करा. हजेरी ७५ टक्के लागते, गावाला लग्नसराईत पंधरा-पंधरा दिवस नेताना हे लक्षात असू द्या. हॉल तिकीट शाळा प्रिंट काढून देते, त्याचे वेगळे पैसे नसतात. आणि एक-दोन विषय राहिले तर वर्ष गेलं असं समजून पोराला घरी बसवू नका, पुरवणी परीक्षा लगेच असते आणि एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर काढायच्या सवलतीने, अकरावीलाही बसता येतं.

अकरावी. नाशिक शहरात ऑनलाईन प्रवेश आधीपासूनच होता, २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात तोच झाला. पहिल्या भागात माहिती, दुसऱ्या भागात कॉलेजचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. केटीएचएम, आरवायके, बीवायके, एचपीटी ही नावं सगळ्यांनाच पाहिजे असतात, पण मागच्या वर्षीचा कटऑफ आणि घरापासूनचा रस्ता दोन्ही बघून क्रम लावा, कारण पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. फॉर्मला जो मोबाईल नंबर देता त्याच्यावरच ओटीपी येतात म्हणून सायबर कॅफेवाल्याचा नंबर देऊ नका, कधीच नाही. मुलाच्या शाळेचंच ज्युनियर कॉलेज असेल तर इन हाऊस कोटा, म्हणजे आपल्याच शाळेच्या मुलांसाठी राखीव जागा असतात, विचारा. सातपूरच्या आयटीआयचे आणि पॉलिटेक्निकचे फॉर्म ह्याच दिवसांत चालू असतात, आणि ते कमी मार्कवाल्यांचे रस्ते नाहीत, आपल्या भागात कारखाने आहेत, हातात कसब असलेल्या पोराला इथे किंमत आहे.

जातीच्या दाखल्याचं काम नाशकात होईल असं धरून बसू नका. वडील-आजोबा ठरलेल्या तारखेला जिथे राहत होते तिथल्या प्रांत ऑफिसातून तो निघतो, अनुसूचित जातीसाठी १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ आणि ओबीसींसाठी १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीतली नोंद वगैरे. दिवाळीला गावी जाल तेव्हाच ते शोधायला काढा. बारावी सायन्सला असतानाच जातीच्या दाखल्याच्या पडताळणीचा अर्ज कॉलेजमधून करतात, निकालानंतर पळापळ केली तर सीट हातची जाते.

मुलींच्या आयांना एक वेगळं. शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती असायला हवी, २०२२ चा शासन निर्णय आहे, आणि तक्रारपेटीही. समितीवर कोण आहे हे विचारायला संकोच नको, नाव माहीत असलं तर मुलगीही बोलते. काही झालं तर १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा हेल्पलाईन नंबर मुलगा-मुलगी दोघांच्याही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि मुलगा अठराचा व्हायच्या आत क्लासला जायला गाडी मागेल, सगळ्यांचे मित्र चालवतात म्हणेल, पण पकडलं तर शिक्षा आपल्याला आहे, २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशनही रद्द होतं. त्यापेक्षा शाळेतून बोनाफाईड, म्हणजे मूल तिथे शिकतंय असं सर्टिफिकेट घ्या आणि सिटीलिंकचा, म्हणजे शहर बसचा विद्यार्थी पास काढा.

पुस्तकांचं म्हणाल तर नववी-दहावीची बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत, सगळी विकत घ्यायची घाई नको. घरात एकच खोली असेल आणि टीव्ही चालू राहत असेल तर जवळची अभ्यासिका शोधा, महापालिकेच्याही आहेत, आणि नाशकात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याला सगळे सावाना म्हणतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. त्या पहिल्या आठवड्यात एक दिवस हाफ डे टाका, वर्गशिक्षकांना मधल्या सुट्टीत भेटा, नाव सांगा, दोन्ही नंबर लिहून द्या आणि येताना नोटीस बोर्डाचा फोटो काढून आणा.