बिकनेल सेज बियांपासून कसं लावायचं

शिकागोच्या आसपास राहत असाल आणि यार्डात दिवसभर ऊन पडणारा तुकडा असेल तर तिथे लॉनऐवजी बिकनेल सेज लावून बघा. हे इथलंच, उघड्या प्रेअरीवरचं, म्हणजे इथल्या गवताळ माळरानावरचं झाड, आपल्या नागरमोथ्याच्या कुळातलं (sedge, स्वयंपाकातलं sage नव्हे). दांडा बोटांत धरून फिरवा, तीन कडा हाताला लागतात, अगदी नागरमोथ्यासारख्या, पण नागरमोथा जसा गाठींनी शेतभर पसरतो आणि जीव नकोसा करतो तसं हे करत नाही, एका जागी ठोंब धरून राहतं आणि दोन-तीन फूट वाढतं.

पहिलं काम बी मिळवायचं. नेटिव्ह झाडांच्या नर्सरीतून विकत घ्या. राखीव प्रेअरीतून परवानगीशिवाय एक कणीसही तोडू नका, इलिनॉयमध्ये एकेकाळी 2.2 कोटी एकर प्रेअरी होती, आज मूळची अशी एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाइतकीसुद्धा उरलेली नाही. बी हातात आलं की एक दाणा उजेडात धरून बघाच, बाहेरचं चपटं पाकीट कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ असतं आणि मधे गडद बी स्पष्ट दिसतं. मधे काहीच दिसलं नाही तर ते पोचट, फेकून द्या.

आता खरी मेख. या बियांना थंडी लागते, ती दिली नाही तर उगवायचं नाव घेत नाहीत. जानेवारीत ओली वाळू घ्या, मुठीत दाबली की गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतपतच ओली, त्यात बी कालवून झिपलॉकच्या पिशवीत भरा, तारीख लिहा आणि 60 दिवस फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नाही! हा खटाटोप नको असेल तर नोव्हेंबरमध्ये सरळ बाहेर मोकळ्या मातीवर पेरा, बाकीचं काम बर्फ करतो.

मार्चमध्ये ट्रेमध्ये ओली माती भरून बी वर पसरा आणि तळहाताने नुसतं दाबा. माती टाकून झाकू नका, याला उगवायला उजेड हवा. मी पहिल्या वर्षी मेथी पेरतो तसं अर्धा इंच खाली पुरलं होतं आणि अख्ख्या ट्रेमध्ये एक कोंब आला नाही, फार वाईट वाटलं. पाणी स्प्रेने द्या, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. रोपं हुबेहूब गवतासारखी दिसतात म्हणून ट्रेवर लेबल लावाच, नाहीतर तण समजून उपटली जातात.

मेच्या मध्यात, दव गोठायची भीती संपली की एकेक फुटावर लावा. खत नको. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या, पुढे पावसावर सोडलं तरी चालतं.

सोबत लिटल ब्लूस्टेम नक्की लावा. ते गवत उन्हाळ्यात जागं होतं, सेज मात्र बर्फ वितळला की लगेच हिरवं होतं, त्यामुळे एप्रिलमध्ये जमीन उघडी पडत नाही आणि तणाला जागा मिळत नाही. म्हणूनच वाळलेली पानं फेब्रुवारीच्या शेवटीच कापून घ्या, जमिनीपासून तीन-चार इंच ठेवून. उशीर झाला तर आत आलेले नवे कोवळे शेंडे कात्रीत येतात.