घरच्या ग्रंथसंग्रहासाठी डेटाबेस सॉफ्टवेअर निवडताना

घरात हजार-बाराशे पुस्तके जमली की एक दिवस तेच पुस्तक दुसऱ्यांदा विकत आणले जाते, किंवा एखादे पुस्तक कोणाकडे वाचायला गेले ते काही केल्या आठवत नाही, आणि मग नीट यादी करण्याचे मनावर घेतले जाते. अशा वेळी बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर शोधू लागतात. माझ्या मते सुरुवात कोऱ्या कागदावर करावी आणि आपण या यादीला कोणते प्रश्न विचारणार आहोत ते पाच-सहा वाक्यांत लिहून काढावे. अमुक लेखकाची आपल्याकडे किती पुस्तके आहेत, बाहेर गेलेली कोणती अजून परत आलेली नाहीत, कोणते पुस्तक कोणत्या फडताळात आहे, असे ते प्रश्न असतील.

प्रश्न फक्त ‘हे पुस्तक माझ्याकडे आहे का’ एवढाच असेल, तर डेटाबेसच्या वाटेला जाऊ नये. एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क पुरेसे आहे; एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, तेवढी पुस्तके कोणाच्याच घरात नसतात. अडचण संख्येची नसून नात्यांची असते. एकच पुस्तक पाच वर्षांत चार जणांकडे जाऊन येते, तेव्हा त्या ओळीत ‘कोणाकडे १’, ‘कोणाकडे २’ असे रकाने वाढू लागतात, आणि एकाच मित्राचे नाव तीन प्रकारे लिहिले गेल्यामुळे शोध फसतो. डेटाबेसमध्ये याच माहितीचे तीन तक्ते होतात: पुस्तके, व्यक्ती आणि उसनवारी. उसनवारीच्या प्रत्येक नोंदीत पुस्तकाचा क्रमांक, व्यक्तीचा क्रमांक, दिल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख एवढेच असते. शेवटचा रकाना रिकामा असेल तर पुस्तक अजून बाहेर आहे, असे समजायचे. हे तीन तक्ते आपल्याला कागदावर आखता आले, तर कोणतेही सॉफ्टवेअर फार अवघड जात नाही.

आता पर्याय पाहू. विंडोज वापरणाऱ्याला सर्वांत सोपे पडते ते मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस. ते १९९२ पासून आहे, मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वैयक्तिक वर्गणीतही मिळते, आणि विझार्डने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत गेल्यास नोंदी भरण्याचा देखणा फॉर्म अर्ध्या तासात तयार होतो. फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. ती फक्त मुखपृष्ठांची छायाचित्रे आत कोंबणाऱ्यालाच जाणवेल. मात्र मॅकवर ॲक्सेस नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

लिब्रेऑफिस बेस हे मोफत आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. त्यातही फॉर्म आणि रिपोर्ट करता येतात, पण ॲक्सेसइतकी सफाई नाही, आणि काही कामांसाठी संगणकावर जावा हे पूरक सॉफ्टवेअर असावे लागते. नवशिक्याला हमखास गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे, तक्त्याला प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना) दिलेली नसेल तर बेस त्यात नवीन नोंद भरूच देत नाही. त्यामुळे प्रत्येक तक्त्यात आपोआप वाढणारा क्रमांक पहिल्याच रकान्यात ठेवावा.

तिसरा पर्याय एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरचा. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो आणि ती फाइल हाताळण्यासाठी डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हे मोफत साधन आहे. तयार फॉर्म मात्र मिळत नाहीत, आणि बदल केल्यावर ते कायम करण्याचे बटण आठवणीने दाबावे लागते. घरातल्या इतरांनीही नोंदी भरायच्या असतील, तर मी हा पर्याय सुचवणार नाही.

मराठी नोंदींसाठी मात्र आणखी एक परीक्षा घ्यावी लागते, आणि नेमकी तीच राहून जाते. ‘दऱ्या’ या शब्दातला ऱ्य संगणकात दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध एका प्रकाराने घेतला तर दुसऱ्या प्रकाराने भरलेली नोंद सहसा सापडत नाही. म्हणून नोंदी भरणाऱ्या सर्वांनी एकच कीबोर्ड वापरावा. क्रमवारीचेही तसेच आहे. एसक्यूलाइट मुळात युनिकोडच्या (सर्व लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या) क्रमांकांनुसार क्रम लावते, त्यामुळे ‘काळ’ हा शब्द ‘कावळा’च्या आधी येतो आणि ‘क्षितिज’ शेवटी न जाता क मध्येच बसतो. घरच्या यादीत हे चालून जाते, पण आधी माहीत असलेले बरे.

फाँटबाबत तर हयगय नकोच. माझी पहिली यादी मी युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये केली होती. संगणक बदलला, फाँट गेला, आणि चारशे नोंदींच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उरली. मजकूर युनिकोडच असावा.

सॉफ्टवेअर बंद पडले तर माहिती बाहेर कशी काढायची, हेही आजच पाहून ठेवावे. एकेकाळी घरोघरी नसले तरी कार्यालयोकार्यालयी असलेल्या फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरचा अधिकृत आधार २०१५ च्या जानेवारीत संपला. तरीही त्याच्या डीबीएफ फाइली कॅल्कमध्ये आजही उघडतात, कारण त्यांची रचना सर्वांना ठाऊक होती. ज्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) काढता येत नाही, ते कितीही सोपे असले तरी घेऊ नये.

निवड पक्की करण्यापूर्वी वीस पुस्तकांच्या नोंदी भराव्यात, आणि ती वीस मुद्दाम अडचणीची निवडावीत: दोन लेखकांचे एक, अनुवादित एक, वर्ष न छापलेले एक, आणि दहा अंकी आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) शून्याने सुरू होणारे एखादे इंग्रजी पुस्तक. आयएसबीएनचा रकाना संख्येचा ठेवला तर ते पहिले शून्य गळून पडते, आणि काही जुन्या क्रमांकांच्या शेवटी एक्स असतो तो तर भरताच येत नाही. तो रकाना मजकुराचाच हवा. मग तक्ते सीएसव्हीमध्ये एक्सपोर्ट करावेत, एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ निवडावे, आणि त्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर नोटपॅडमध्ये उघडून पाहाव्यात. विसाव्या नोंदीपर्यंत सगळी अक्षरे जशीच्या तशी दिसली, तर एकविसावे पुस्तक हाती घ्यायला हरकत नाही.